सुधारून दिलेली कविता

पंचवीस वर्षं मी दुःखावर कविता लिहितोय आणि आजवर माझ्या कवितेने एक माणूस रडवलेला नाही. वडील गेले तेव्हा चाळीस ओळी लिहिल्या. प्रत्येक कडव्यात आसवं होती. सख्ख्या बहिणीने वाचन मधेच थांबवून अहिराणीत विचारलं, "आजून कितली शे?"

आमच्या तळोद्याच्या शाळेत नव्याने आलेल्या बाईंनी एक कागद पुढे केला, तेव्हा मी जरा मोठेपणानेच तो घेतला. बाई वर सातपुड्यातल्या पाड्यावरच्या, घरी पावरी बोलणाऱ्या. रविवारच्या कविसंमेलनात पहिल्यांदाच वाचणार होत्या. "सर, तुम्ही मराठीचे. जरा सुधारून द्या ना."

कविता बारा ओळींची. ऊसतोडीला गुजरातेत निघालेली आई शेजारणीकडे कोंबड्या सोपवते. लाल कोंबडी कुंपणापलीकडे अंडी घालते, तिथे बघत जा. काळी खुडूक बसली आहे, तिला उठवू नको. जीप सुरू होते, मुलगी शेजारणीपाशी उभी. शेवटची ओळ एवढीच, की माझ्याबद्दल आई काहीच बोलली नाही.

रडण्याचा एक शब्द नाही आणि मला चष्मा काढून पुसावा लागला. लगेच पाठोपाठ हेवा वाटला, अगदी पोटात दुखेल इतका. मी जन्मभर घासतोय आणि हिला पहिल्याच फटक्यात जमलं? "अशीच वाचा," एवढं म्हणायला हवं होतं. ते तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी मी कविता सुधारून दिली. कोंबड्या काढल्या. त्यांच्या जागी आसवांचा पूर घातला, काळजाचं पाणी केलं, 'आई गं' दोनदा लिहिलं. मास्तरांची खोड म्हणून सोडून देता आलं असतं, पण काय करतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. बाईंनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असेल, सर."

रविवारी त्यांनी तेच वाचलं. टाळ्या पडल्या, मला पडतात तेवढ्याच. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

घरी आलो तर बायको ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. बाईंचा मूळ कागद अजून माझ्याच खिशात होता. कुणाला तरी ऐकवल्याशिवाय राहवेना, म्हणून वाचून दाखवला. तिचे हात थांबले. तिने पदर डोळ्यांना लावला. मिरच्यांमुळे असेल, अशी मी आशा केली.

"हाई तुम्हनी शे?"

हो म्हणायला जीभ शिवशिवली. "नही. त्या नव्या बाईनी शे."

"मंग आज सारा लोके रडनात व्हतीन."

"टाळ्या वाजाड्यात."

"हाई आयकीसन टाळ्या?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांत माझ्या कवितेबद्दल तिने इतके प्रश्न विचारले नव्हते.

"मी सुधारी दिन्ही व्हती," मी म्हणालो.

तिने एक मिरची उचलली आणि देठ न काढताच परत ठेवली. मग हळूच विचारलं, "आनि ती काळी कोंबडी?"

"काढी टाकी."