लाल दिवा, मिस्त्री आणि त्यांची सून

मिस्त्रींनी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. इंजिनाला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं, ही त्यांची रीत. बहुतेक वेळा बरोबर निघायचं, हे कबूल करायला हवं. मग मुलाचं लग्न झालं. मुलगा बँकेत, त्याला पान्हा कुठून धरायचा हेही ठाऊक नाही. सून मात्र गाड्यांच्या विजेचंच शिकून आलेली. दुसऱ्या महिन्यात ती वीज मोजायचं मीटर घेऊन सासऱ्यांच्या गॅरेजात उभी राहिली. वर्षभरात गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "सूनबाई आहेत का?" मिस्त्री पक्कड घेऊन समोरच उभे असायचे. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकच गिऱ्हाईक अजून फक्त त्यांचं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्यांच्या गाडीला मिस्त्रींखेरीज कुणाचा हात लागला नव्हता, आणि तो लागू द्यायचा नाही, असं मिस्त्रींनी मनाशी ठरवलं होतं.

त्या सकाळी बाई आल्या. "मिस्त्री, परवाच नवी बॅटरी टाकली, तरी हा बॅटरीचा लाल दिवा जातच नाही."

मिस्त्रींनी बोनेट उघडलं, तोवर सून मीटर लावून मोकळी! चालू इंजिनावर बॅटरीपाशी बारा व्होल्ट, अल्टरनेटरच्या मागे साडेचौदा.

"आकड्यांत काम करता होय?" बाई मीटरमध्ये डोकावल्या. "वा!"

एवढ्या वर्षांत असा 'वा' मिस्त्रींना एकदाही मिळाला नव्हता. तो त्यांना मिरचीसारखा झोंबला.

सुनेनं त्यांना बाजूला घेतलं. "बाबा, अल्टरनेटर वीज बनवतोय, पण ती बॅटरीपर्यंत पोचत नाहीये. मधली वायर आतून सडली असणार. मी नवी घेऊन येते."

तिची पाठ वळताच मिस्त्री बाईंना म्हणाले, "आता आमची पद्धत बघा," आणि इंजिन चालू असतानाच त्यांनी बॅटरीची वायर काढली. जुन्या मिस्त्रींची ही युक्ती. बॅटरीविना इंजिन चालत राहिलं तर अल्टरनेटर ठणठणीत. इंजिन बंद पडलं.

"गेला अल्टरनेटर!"

मधली वायर सडली असली तरी इंजिन असंच बंद पडणार, हे एरवी त्यांना झोपेतही सुचलं असतं. पण त्यांना गाडी दुरुस्त करायचीच नव्हती, सुनेला खोटं पाडायचं होतं.

सून परतली तेव्हा अल्टरनेटर खाली उतरला होता. मिस्त्रींनी दुसरा अल्टरनेटर चढवला, पट्टा ताणला, बॅटरी परत जोडली, किल्ली फिरवली. लाल दिवा तस्साच. मिस्त्री घामाघूम. बाई तिसऱ्यांदा घड्याळ बघत होत्या.

सुनेनं बाईंचा जुना अल्टरनेटर परत बसवला आणि नवी वायर जोडली. किल्ली फिरवताच दिवा विझला.

"बाबांना आधीपासून वायरचाच संशय होता," ती बाईंना म्हणाली. "अल्टरनेटर नुसता खात्रीसाठी उतरवला."

मिस्त्रींनी मान डोलावली असती तर सगळं झाकलं गेलं असतं. पण त्यांचा नव्यानं जळफळाट झाला. हुशारी हिची, गिऱ्हाइकं हिची, आता मनाचा मोठेपणाही हिचाच? तेवढा तरी ते तिला मिळू देणार नव्हते.

"खोटं बोलतेय ती, बाई!" ते तडकले. "वायर तिनंच ओळखली. माती मी खाल्ली. जळतो मी तिच्यावर, म्हणून खाल्ली."

सून खाली मान घालून हात पुसत राहिली. बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पर्समधून फोन काढला.

"मग पुढच्या वेळी फोन कुणाला करू?"

नंबर मिस्त्रींनीच सांगितला, तिचा, एकाही आकड्याला न अडखळता. ती गिऱ्हाइकांना तो देत असताना वर्षभर जळत ऐकून त्यांना पाठ झाला होता.