कॉम्प्युटरचं कुंकू आणि माझा मेमो

ऐंशीच्या दशकातली खंडेनवमी. सातपूरच्या आमच्या कारखान्यात सकाळपासून लेथ, ड्रिल, ट्रक, सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच साहेबांनी कॉम्प्युटरचीही पूजा करायचं फर्मान काढलं...

कॉम्प्युटर येऊन काही महिनेच झाले होते. त्याला काचेची खोली, त्याला एसी, आत जायचं तर चपला बाहेर. आम्ही माणसं मात्र हॉलमध्ये पंख्याखाली घामाघूम.

गोडाऊनमधल्या मालाच्या नोंदी त्यावर भरायचं काम माझं. मी प्रोबेशनवर होते, दिवाळीनंतर कायम होणार होते. आईने नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत ते आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

तर पूजा. आमचे स्टोअरकीपर गांगुर्डेकाका, मूळचे कळवणकडचे. त्यांनी मनापासून कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या. साहेबांनी दारात नारळ फोडला. आमचं बौद्धांचं घर, मी हात जोडले नाहीत, मागे उभी राहिले. पण कुणाच्या श्रद्धेला माझी ना नव्हती. पेढा तर मी दोनदा घेतला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, मशीन सुरू केलं... फ्लॉपी घातली की नुसती करकर. एक फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. जे काम आधी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकायचं, ते संध्याकाळपर्यंत निम्मंही होईना.

साहेबांना सांगितलं, इंजिनियरला बोलवा. तर म्हणाले, कॉम्प्युटर कधी हळू होत नसतो, माणूस होतो. स्वतः कीबोर्डला बोटही न लावलेला माणूस हा... आजही ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

थोड्याच दिवसांत भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत त्यांनी मला मेमो दिला. कामात दिरंगाई. असा मेमो मिळालेला माणूस कायम होत नाही, हे शिपायालाही ठाऊक होतं. वर म्हणाले, "मोरेबाई, त्या दिवशी मशीनला नुसता नमस्कार केला असता, तर काय बिघडलं असतं?"

म्हणजे बघा... मशीन हळू चालतंय हे साहेबांना कबूल होतं. फक्त त्याचं कारण मी होते.

मग काय, डबे उघडले की कुजबुज सुरू. मशीन रुसलंय म्हणे. चांगली शिकलीसवरलेली माणसं हो... मी डबा घेऊन गेले की विषय बदलायचे. घरी आईला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार होते?

महिनाअखेरीला हेड ऑफिसला स्टॉकचा हिशेब पाठवायचा होता. मी किती हळू आहे ते दाखवायला साहेब स्वतः खुर्चीत बसले. फ्लॉपी घातली. करकर... करकर... त्या एसीतही साहेबांना घाम फुटला. दुपारीच मुंबईला फोन गेला.

मुंबईहून इंजिनियर आला. त्याने मशीन हॉलमध्ये उजेडाला आणून उघडलं. सगळे भोवती जमले. फ्लॉपी जिथे जाते त्या फटीत आत कुंकूच कुंकू, आणि त्यात रुतून बसलेला तांदळाचा दाणा. त्याने चिमट्याने दाणा काढला, स्पिरिटच्या बोळ्याने आतला भाग पुसला. फाइल चुटकीसरशी उघडली.

साहेब हसले. म्हणाले, "चला, देवाच्या नावाने झालं. आता त्यात कुणाला दोष द्यायचा?"

वा रे न्याय. कुंकवाने मशीन बिघडलं तर दोष कुणाचाच नाही... आणि हात जोडले नाहीत तर दोष माझा. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात गांगुर्डेकाका पुढे झाले. रिटायरमेंटला आलेला माणूस, साहेबांसमोर कधी मान वर केली नव्हती. म्हणाले, "साहेब, कुंकू मी लावलं. तांदूळबी माझ्याच हातचे. मेमो द्यायचा तर मला द्या. या पोरीनं काय केलं नाय."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. मेमो मागितला, फाडला, केराच्या टोपलीत टाकला. झालं गेलं विसरून जा म्हणाले.

मी उठले. केबिनचं दार सताड उघडलं आणि धरून उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मेमो हॉलमध्ये दिला होता. फाडल्याचंही हॉलमध्येच सांगा."

दार मी सोडलं नाही. साहेब बाहेर आले. मोरेबाईंची काही चूक नव्हती, असं बारीक आवाजात म्हणाले. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.

दिवाळीनंतर मी कायम झाले. साहेबांवरचा राग मात्र अजून तसाच आहे, आणि तो घालवायची मला काही घाई नाही.

हल्ली बँकेत सिस्टिम अडकते आणि लोक काउंटरवरच्या मुलीवर खेकसतात. मी रांगेतून पुढे जाते आणि सांगते, मशीन हळू आहे, तिला बोलू नका. लोक माझ्याकडे रागाने बघतात. बघू देत... काका त्या दिवशी गप्प राहिले असते, तर ते दार उघडायचं बळ मला आलं असतं का, कोण जाणे. काका, तुमचे उपकार आहेत.