पाळकीणबाई तर हिंगणघाटला होत्या

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय. खरं सांगतो, निम्मे हसत हसतच वाचतो. आम्ही ख्रिस्ती, रविवार चुकवत नाही... पण आमच्या घरात चमत्कारांच्या गोष्टींना थारा नव्हता. वडील गणिताचे शिक्षक, मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं आणि 'मला वाणी ऐकू आली' म्हणालं की मी बुटांकडे बघत बसायचो. तरीही हे लिहितोय, कारण जे घडलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

१९९८चा मे महिना. पुण्यातल्या आमच्या चर्चचा तरुण संघ आठवडाभर सेवेसाठी वर्धा जिल्ह्यात गेला होता. रेल्वेनं वर्धा, तिथून एसटीनं हिंगणघाट, पुढे समुद्रपूरच्या बाजूचं एक छोटं गाव. नाव मुद्दाम देत नाही. तिथली मंडळी अगदी मोजकी. त्यांचं चर्च म्हणजे जाड मातीच्या भिंतींचा, कौलारू लांबट हॉल आणि मागे पडवी. पडवीची कवेलं, म्हणजे कौलं, फुटली होती. आम्ही मुलगे ती बदलणार आणि मुली गावातल्या पोरांसाठी सुट्टीतली बायबल शाळा घेणार असं ठरलं होतं. शाळा म्हणजे गाणी, गोष्टी, खेळ. सगळ्या गावाची पोरं यायची. बौद्धांची, कुणब्यांची, कोणाचीही. माझी धाकटी बहीण सरोज पेटी वाजवायची, त्यामुळे शाळेची पुढारी तीच.

आमची सगळी काळजी तिथल्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पत्नी घ्यायच्या. सगळं गाव त्यांना पाळकीणबाई म्हणायचं. ठेंगणा बांधा आणि आवाज असा, की शेतातल्या माणसाला घराच्या ओट्यावरून बोलावून घ्यावं! त्या हाक मारताना शेवटचा शब्द उंच ओढायच्या. दोन दिवसांत आम्ही सगळे त्यांची नक्कल करायला लागलो होतो.

कामाला गावातले किसनराव मिस्त्री होते. तरुणपणी हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये होते, तिथल्या यंत्रांच्या आवाजानं दोन्ही कान गेलेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी हसून मान हलवायचे. आमचं सगळं बोलणं हातवाऱ्यांवर.

त्या दिवशी सकाळच्या गाडीनं पाळकीणबाई हिंगणघाटला गेल्या. दाढ ठणकत होती. पाळकसाहेब सोबत गेले. जाताना मला म्हणाल्या, "बापू, लेकरायले उन्हात सोडजो नोको. आतच बसवजो."

दुपार व्हायला आली होती. बाहेर ऊन म्हणजे अक्षरशः भट्टी. पोरं हॉलमध्ये गात होती, सोबत एकटी सरोज; संघातले बाकीचे सगळे पाणी आणायला विहिरीवर गेले होते. मी पडवीत उभा राहून किसनरावांना कवेलं देत होतो. ते शिडीवर होते, तोंड शेताकडे, पाठ हॉलकडे. हॉलचं छत आमच्या कामात नव्हतंच. पहिल्याच दिवशी आढं हातोडीनं ठोकून पाहिलं होतं, सागवानाचा भरीव आवाज आला होता. किसनरावांनीही हात लावून पाहिलं आणि मान डोलावली होती.

आणि हाक आली.

"या रे लेकरायहो बाहेर... टरबूज कापलं... लवकर या!"

समोरच्या कडुनिंबाखालून. पाळकीणबाईंचा आवाज, शेवटचा शब्द तसाच ओढलेला. माझ्या मनात आलं ते इतकंच – अरे, बाई लवकर परतल्या! हातातलं कवेल खाली ठेवलं आणि मी निघालो. आत गाणं मधेच तुटलं, पोरांचा लोंढा दारातून बाहेर. मी वळसा घालून कडुनिंबाखाली पोचलो, तर तिथे कोणीच नाही. टरबूज नाही, बाई नाहीत. सावलीत एक शेळी तेवढी बसलेली.

"कुठी हाय टरबूज?" पोरं मलाच विचारायला लागली.

तेवढ्यात सरोज दारात आली, चांगलीच तापलेली. "काय चाललंय? गाणं अर्धवट टाकून कुठे पळालात?"

"बाईनं बोलावलं ना, ताई!"

"कोणी नाही बोलावलं. मी काही ऐकलं नाही. चला आत!"

तिनं एका छोटीचा हात धरला. शांता नाव तिचं. शांतानं जमिनीवर फतकल मारली. "टरबूज खाल्ल्याबिगर मी नाई येत." सरोज तिला उचलायला उंबरठा ओलांडून अंगणात आली. ती वाकली, आणि मागे कडकड असा आवाज झाला...

आढं खाली आलं. त्याच्यामागोमाग वासे, कवेलं, सगळं. दारातून धुळीचा लोट आमच्या अंगावर आला. काही क्षण मला सरोज दिसेना. मी तिचं नाव घेऊन ओरडत होतो आणि ती माझ्या समोरच, शांताला पोटाशी धरून बसलेली!

आम्ही पोरं मोजली, पुन्हा मोजली. सगळी होती. कोणाला खरचटलंही नव्हतं. आत पेटीचा चुरा झाला होता, आणि पेटीच्या पुढेच पोरं बसायची.

मग एकदम मनात आलं – किसनराव! शिडीवर होते... मी वळलो तर ते माझ्या मागेच उभे, डोक्यावर धूळ, डोळे विस्फारलेले. मी हातानंच विचारलं, तुम्ही खाली कसे?

ते म्हणाले, "काऊन, बाईनं आवाज देल्ला ना! टरबूज कापलं म्हने..."

बोलता बोलता ते थबकले. स्वतःच्या कानाला हात लावला. मग कडुनिंबाच्या बुंध्याशी बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

पोरांच्या आया धावत आल्या. आधी रडारड, मग एकमेकींना मिठ्या, मग पोरांना धपाटे, आणि पुन्हा मिठ्या. शेजारच्या विमलबाईंना मी विचारलं, तुम्ही हाक मारलीत का? "नाई गा. पन म्याबी आयकली. म्हटलं बाई आली वाटते."

संध्याकाळच्या एसटीनं पाळकीणबाई आल्या, गाल सुजलेला. सगळं ऐकून म्हणाल्या, "मी तं दवाखान्यात होती, बापू. तोंडात कापूस. बोलताबी येत नव्हतं मले."

नंतर मी ते आढं तपासलं. भिंतीच्या आत गेलेलं टोक वाळवीनं पोखरलेलं होतं, बाहेरून कळणं शक्यच नव्हतं. ते का पडलं, हे मी कागदावर मांडून दाखवू शकतो. हाकेचं काय करू? उन्हात भास झाला म्हणावं, तर एवढ्या जणांना एकच? पोरांना पळताना पाहून किसनराव उतरले म्हणावं, तर त्यांची पाठ होती – आणि टरबूज त्यांना कोणी सांगितलं? आणि सगळ्यांना ऐकू आलं तर एकट्या सरोजला का नाही? पेटीच्या सुरात बुडाली असेल, असं ती म्हणते. किसनरावांना त्यानंतर पुन्हा काही ऐकू आलं नाही. आम्ही निघालो त्या दिवशी मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं ओरडून पाहिलं. ते नेहमीसारखे हसले.

त्या रविवारची भक्ती कडुनिंबाखाली झाली. गावातले कितीतरी लोक येऊन बसले होते. पाळकसाहेबांनी पत्नीला साक्ष द्यायला उभं केलं. सुजलेल्या गालाला पदर लावून त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी काय साक्ष देऊ? मी तं इथं नव्हतीच!"

सगळे हसले. आम्ही इतके हसलो की सरोज हसता हसता हुंदके द्यायला लागली आणि मी तिचा हात घट्ट धरून बसलो. मी तेव्हा बुटांकडे बघत नव्हतो, एवढं सांगतो. बाकी मला काही कळलेलं नाही... आजही नाही.