पहिला घोट वैद्याचा

थोंगलुआन मावशी म्हणजे इसान प्रांतातल्या एका गावच्या, मुळांची औषधं देणाऱ्या वैद्य. पण आंब्याच्या मोहरात आलेल्या तापाने त्यांच्या जिभेची चव गेली ती गेलीच, आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगतील कशा? वाळलेलं मूळ नुसतं बघून ओळखता येत नाही. चकती चावायची, कडवटपणा कुठे चढतो ते बघायचं. सगळी वैद्यकी त्या जिभेवर.

सकाळी कोंबड्यांनी दोन सुपं उलथली. एकात चिंगचीचं मूळ, सुजेवर उकळून देतात ते. दुसऱ्यात खरजेच्या लेपाचं. ते पोटात गेलं तर आतडी पिळवटतात. चकत्या दिसायला अगदी सारख्या. मावशींनी अंदाजाने निवडल्या. अंदाजाने! चाळीस वर्षं मान मिळाला की माणूस असा माजतो.

दुपारी शेजारची ओनसी लंगडत आली. गुडघा पपनसाएवढा, लालभडक, आणि परवा भातलावणी. मावशींनी सकाळी निवडलेल्या चकत्या तिच्यासाठी उकळत टाकल्या.

"मावशी, भांड्यात काय बघताय एवढं? नवरा पडलाय का त्यात?"

"उकळू दे गं नीट."

"आता भांडंच विरघळेल. द्या इकडे."

पहिला घोट वैद्याने घ्यायचा, मग आजाऱ्याने, हा तिथला नेम. मावशींनी घेतला. घशाखाली गरम पाणी उतरलं, दुसरं काही नाही.

ओनसीने वाटी उचलली. "फार कडू आहे का हो?"

मावशी चुलीतली लाकडं मागे ओढू लागल्या.

"अहो, कडू आहे का विचारतेय!"

वाटी ओठांशी गेली आणि मावशींनी फटका मारून ती उडवली.

"आई गं! भाजलं ना! वेड लागलंय का तुम्हाला?"

"मला चवच कळत नाही, ओनसी. पाच महिने झाले. त्यात मुळं मिसळलीत. यात कुठलं पडलंय, देव जाणे."

ओनसी एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "पाच महिने? आणि माझ्या आईला दिलंत ते?"

"ते बरोबर असावं."

"असावं?"

उत्तर द्यायला मावशींनी तोंड उघडलं आणि पोट धरून त्या खाली बसल्या. कपाळावर घाम डवरला. ओनसीने रागाने पाठ फिरवली. मग तशीच लंगडत दारात गेली आणि ओरडली, "गाडी आणा कोणीतरी! दवाखान्यात न्यायचंय!"

बायका धावल्या. "काय झालं? काय खाल्लं?"

ओनसीने मागे वळून पाहिलं. 

मावशींनी ओकारी आवरली. "माझाच काढा," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या घरात माझं औषध असेल त्यांनी आत्ता जाऊन फेका. सगळं."