व्याह्यांचा आरसा

आमचे व्याही, म्हणजे माझ्या सुनेचे वडील, शिंपी आहेत. चाळीस वर्षं लोकांची मापं घेऊन त्यांची खात्री पटली होती, की जगातला एकही माणूस मापात बसत नाही. आपण सोडून.

दवाखान्यातल्या नर्सने वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी मधुमेह्यांचा वर्ग सुरू केला, तेव्हा आम्ही दोघंही त्यात अडकलो. बारा जणांनी गोल बसायचं, आपापले साखरेचे आकडे सांगायचे, एकमेकांचं बघून शिकायचं. नर्स म्हणाली, एक गटप्रमुख निवडा. कोणी मान वर करायच्या आत व्याही उभे राहिलेले. पुढच्या मंगळवारपासून त्यांच्या गळ्यातल्या फितीने सगळ्यांच्या कमरा मोजल्या जाऊ लागल्या. बायकांच्या कमरा नर्सने मोजायच्या, आकडे मोठ्याने वाचायचे मात्र यांनी. विहिणीच्या, म्हणजे माझ्या, कमरेचा आकडा चारचौघांत वाचणारा माणूस किती हलका असेल, ते वेगळं सांगायला नको.

पण खरा थाट पायांच्या धड्याला. साखर वाढली की पायांची जाणीव जाते, लागलेलं दुखत नाही, म्हणून रोज तळवे बघा, एवढंच नर्सने सांगितलं होतं. यांनी त्याचं पुराण केलं. लाकडी पट्टीला छोटा आरसा बांधून आणला आणि एकेकाच्या तळव्याखाली धरून परीक्षा घेऊ लागले. टाचेच्या एका भेगेवरून बेकरीवाल्याला इतकं झापलं, की बिचारा पुढच्या मंगळवारी आलाच नाही. अनवाणी चालणारा आपला पाय आपणच कापतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःचे बूट मात्र कधी काढले नाहीत. गटप्रमुख तपासतो, तपासून घेत नाही.

आणि दुकानात? मशीनचं पायडल अनवाणीच मारायचं. बूट घातले की शिलाईचा वेग कळत नाही म्हणे. पाय बधिर झालेले, त्यांना कसला वेग कळत होता देव जाणे. जमिनीवर टाचण्यांचा सडा, त्या रोज संध्याकाळी लोहचुंबक फिरवून गोळा करायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एकदा मी पडदे शिवायला टाकले होते, ते आणायला गेले. व्याही दुकान बंद करून मोजे चढवत होते. डाव्या मोज्याच्या तळाला बोटाच्या टोकाएवढा तपकिरी डाग होता. वाळलेलं रक्त. मला दिसलं, त्यांना नाही. बोलायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "विहीणबाई, पडद्याला कापड कमी पडलं. ते काही तुमच्या कमरेसारखं आपोआप वाढत नाही."

मी तोंड मिटलं. म्हटलं, होऊ दे एकदा शोभा, तीही सगळ्यांसमोर.

दोन मंगळवार नुसती मजा बघितली. ते आरसा नाचवत होते आणि जरासे लंगडत होते. तिसऱ्या मंगळवारी मीच सुचवलं, की आज गटप्रमुखांचेही पाय बघावेत. सगळे हसले. बेकरीवाल्याने तर हौसेने खुर्ची पुढे सरकवली. व्याह्यांनी आढेवेढे घेतले, पण नर्सच म्हणाली म्हटल्यावर काय करतात. आरसा मी धरला.

बूट निघाला आणि वास आला. अंगठ्याच्या मुळाशी टाचणीचं डोकं कातडीत रुतून बसलं होतं, भोवती सगळं काळं. व्याही वाकून आरशात बघत राहिले.

"दुखलं नाही हो," ते म्हणाले. "मला काहीच दुखलं नाही."

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, की दोन-तीन आठवडे आधी आणलं असतं तर टाचणी काढून मलमपट्टीवर भागलं असतं. हे मला सांगताना ती रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

दोन महिन्यांनी व्याही काठी टेकत जिना चढून वर्गात आले. वाटलं, आता तरी गप्प बसतील. छे. सरळ फळ्यापाशी जाऊन भाषण सुरू. फरक इतकाच, की या वेळी भाषण माझ्यावर होतं.

"विहीणबाईंनी वेळेवर बघितलं म्हणून पाऊल वाचलं," ते म्हणाले. "मी अख्ख्या गटाचे पाय बघत होतो. माझा यांनी बघितला."

टाळ्या पडल्या. त्यांनी आरसा माझ्या हातात दिला, आजपासून गटप्रमुख तुम्ही म्हणाले, आणि मी तो घेतला.

आता दर मंगळवारी मी तळवे तपासते. व्याही पहिल्या खुर्चीवर बसतात आणि न सांगता बूट काढतात. कमरेचे आकडे वाचणारा माणूस हलका, हे मी वर लिहून बसलेच आहे. डाग बघून तीन आठवडे मूग गिळून बसणारी कोण, तेही मला ठाऊक आहे. सुनेला मी अजून सांगितलेलं नाही.