निरोगी म्हणून गेलेली आवडाबाई

दौलताबादच्या किल्ल्याखालून वेरूळकडं जाणाऱ्या रस्त्यावर सीताफळांच्या दिवसांत टोपल्यांची रांग लागते. या रांगेत एकेकाळी आवडाबाईचा आवाज सगळ्यात मोठा. गाडी लांबून दिसली रे दिसली की तिची हाळी सुरू व्हायची, आणि भाव पाडून मागणाऱ्याला ती असं काही सुनवायची की तो हसत हसत दोन किलो जास्त घेऊन जायचा.

अलीकडं मात्र तिचा आवाज बसला होता. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. "घ्या," एवढंच म्हणायची आणि तराजू उचलायची. शेजारच्या बायकांना वाटलं, वय झालं. तिलाही तेच वाटलं. पन्नाशीला टेकलेली बाई, उन्हातान्हात बसलेली, थकणारच की.

घरात आजारी होती ती धाकटी जाऊ, सुरेखा. तिचं दुखणं उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. अंथरूण सोडीना, केस विंचरीना, पोरं बिलगली तरी त्यांच्याकडं बघीना. लोकांनी अंगारे सुचवले, उतारे सुचवले. आवडाबाईनं कुणाचं ऐकलं नाही. जावेला धरून उठवलं आणि शहरातल्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढं नेऊन बसवलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्या वेळच्या वेळी द्यायच्या, चार घास भरवायचे, तपासणीला न्यायचं, सगळं आवडाबाईनं केलं. हळूहळू सुरेखा उठून चुलीपाशी बसायला लागली.

त्या दवाखान्यात डॉक्टर तनुजा नावाची तरुण बाई एक संशोधन करत होती. डिप्रेशनच्या माणसांच्या रक्तात काय वेगळं असतं, आणि उपचारानं त्यात काही बदलतं का, याचा तिला शोध घ्यायचा होता. सुरेखानं सुरुवातीला रक्त दिलं होतं, आता पुन्हा द्यायचं होतं. जावेचा हात धरून बसलेल्या आवडाबाईला तनुजा म्हणाली, "मावशी, आजारी माणसांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचंही रक्त लागतं. सुरेखाताई तर आता बऱ्या होत आल्यात, पण निरोगी माणसं मिळणंच अवघड."

"मग माझं घ्या की," आवडाबाईनं बाही वर सारली. "मी ठणठणीत हाय."

"आधी थोडं बोलू. काही प्रश्न विचारते, मग रक्त."

शेजारच्या लहान खोलीत दोघी बसल्या. झोप कशी लागते? आवडाबाई म्हणाली, लागते, पण कोंबडा आरवायच्या लई आधी मोडते, मग आढ्याकडं बघत पडायचं. जेवण? जेवती, चव मात्र मातीची लागते. आवडतं काय? तिला काही आठवेना. मुलाच्या, ऋतुराजच्या लग्नाचं निघालं तेव्हा ती सहज बोलून गेली, "मांडवात समद्या बाया नाचत व्हत्या. मला वाटत व्हतं, कवा उरकतंय आन् कवा भिंतीला टेकतीय."

तनुजानं पेन खाली ठेवलं. "आणि जगून काय करायचं, असं कधी मनात येतं?"

आवडाबाईनं वर सारलेली बाही खाली ओढली. "जीव द्यावा आसं नाय वाटत," ती म्हणाली. "पण सकाळी उठलेच नसते तरी चाललं आसतं, आसं वाटतं कधीमधी. ते तर समद्यांनाच वाटतं ना?"

"नाही मावशी," तनुजा हळू आवाजात म्हणाली. "सगळ्यांना नाही वाटत. मला तुम्हाला निरोगी म्हणून घेता येणार नाही. मला वाटतं, तुम्हालाही उपचाराची गरज आहे. आजच डॉक्टरांना दाखवू या."

आवडाबाई ताडकन उठली. "मला येडं ठरिवता व्हय? जाऊ आजारी हाय, मी तिला घेऊन आले! मला काय दुःख हाय? पोरगा शेंद्र्याला कंपनीत लागलाय, सून गुणाची हाय, नवरा दारूला शिवत नाय!"

"साखरेचा आजार व्हायला दुःख लागतं का मावशी? तसंच हे."

पण ऐकायला ती थांबली कुठं? सुरेखाचा दंड धरला आणि तरातरा थेट एसटीत जाऊन बसली. छावणी मागं पडली, पडेगाव मागं पडलं, तरी तिनं जावेचा दंड सोडला नव्हता. सुरेखाच मग बोलली. आजारपणात जिच्या तोंडून हुंकार निघत नव्हता, ती बाई.

"आक्का, मी पडून ऱ्हायले म्हणून समद्यांना दिसलं. तुम्ही आजारी आसूनबी कामाला जुंपलेल्या, म्हणून कुणाला दिसलं न्हाई. तुम्ही रातच्याला जाग्या आसता, ते मला ठावं हाय. मीबी जागीच आसायचे."

"मग बोलली का नाईस?"

"मलाच धड बोलता येत नव्हतं. आता येतंय." सुरेखानं तिचा हात घट्ट धरला. "तुम्ही मला उठवून नेलं. आता मी तुम्हाला नेते. चला."

आवडाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रडू आल्याचं तिला इतकं नवल वाटलं, की ते पुसायचंही भान राहिलं नाही.

आठवडाभरानं दोघी परत गेल्या. डॉक्टरांनी आधी थायरॉईड बघितलं, अंगात रक्त कमी आहे का ते बघितलं, तिथं काही सापडलं नाही. गोळी ठरली. तनुजा म्हणाली, "रागावला नसाल तर विचारते. गोळी सुरू व्हायच्या आधीचं रक्त आम्हाला क्वचितच मिळतं. नको असेल तर नको म्हणा, उपचार तसाच चालेल."

"घ्या," आवडाबाई म्हणाली. "द्यायला आलेच व्हते. निरोगी म्हणून न्हाई तर आजारी म्हणून."

रक्ताबरोबर थुंकीही हवी होती. सकाळी डोळे उघडताच, चूळ न भरता, लहानशा नळीत थुंकायचं आणि नळी थंड ठेवायची. नवरा कडूबा फ्रीज उघडतो तर दह्याच्या भांड्याशेजारी नळ्या उभ्या.

"ह्ये काय गं?"

"थुंकी हाय."

कडूबानं दार लावून घेतलं आणि बरेच दिवस दही खाल्लं नाही.

पहिले काही आठवडे वाईटच गेले. तोंड कोरडं पडायचं, पोटात मळमळायचं, बरं तर काहीच वाटेना. गोळी बंद करते म्हणाली, तेव्हा सुरेखा समोर ठाण मांडून बसली. "मलाबी तसंच झालं व्हतं. तवा तुम्ही मला सोडलं व्हतं का?" गोळी घेऊन झाली, मगच ती उठली.

बरं होणं असं एका दिवशी आलं नाही. एकदा जाग आली तर उजाडलेलं होतं. एकदा सुनेनं केलेलं पिठलं तिनं परत मागून घेतलं. आणि ऐन सीताफळांत एक गॉगलवाला गाडीतून उतरला, फळं दाबून दाबून बघत म्हणाला, "ये तो सब कच्चे हैं."

"आवो सायेब, तुमी दाबताय तेवढ्यानं पिकतील की!" आवडाबाई म्हणाली. "आनखी दोन दाबा, मग मुरंबाच घेऊन जा!"

सगळी रांग खो खो हसली. गॉगलवालाही हसला आणि पिशवी भरून घेऊन गेला. शेजारची सत्यभामा टोपलीवरून वाकून म्हणाली, "कुठं व्हतीस गं इतके दिवस?"

दुसरं रक्त द्यायला गेली तेव्हा आवडाबाईनं तनुजाला विचारलं, "मग, काय निघालं माझ्या रक्तात?"

"तुमच्या एकटीच्या रक्तावरून काही सांगता येत नाही मावशी. शरीरात बारीक सूज असली की रक्तात तिच्या खुणा दिसतात. डिप्रेशनच्या काही माणसांत त्या जास्त असतात, सगळ्यांत नसतात. असं का, हे अजून पक्कं कळलेलं नाही. पुष्कळ जणांचं रक्त जमलं की थोडं कळेल."

"म्हंजे तुमालाबी माहीत नाय?"

"नाही."

आवडाबाईला हे उत्तर आवडलं. अंगारेवाल्यांना सगळंच माहीत असायचं. "मग शोधा," ती म्हणाली. "निरोगी माणूस मी देते."

दिला तो कडूबा. शेवटचं रडू कधी आलं, असं विचारल्यावर तो डोकं खाजवून म्हणाला, "मिरच्या कांडताना." झोप? "पाठ टेकली की." जगण्याविषयी काय वाटतं? "बरं चाललंय की. का, काय झालं?" तनुजाला हसू आवरेना. सुई दिसल्यावर मात्र गड्याचा चेहरा पांढरा पडला, आणि आवडाबाईनंच त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं.

गावात परतल्यावर कडूबा पारावर सांगत सुटला, की शहरातल्या मोठ्या डॉक्टरनं मला तपासून निरोगी ठरवलंय, रक्त ठेवून घेतलंय. आवडाबाई ऐकत होती. गोळी अजून चालू होती. डॉक्टर म्हणाले होते, घाईनं बंद करायची नाही, आणि तिलाही घाई नव्हती.

"आवो निरोगी मानूस," तिनं हाक मारली, "गिऱ्हाइकांच्या गाड्या यायची वेळ झाली. टोपल्या उचला."

कडूबानं टोपली खांद्यावर घेतली. दुसरी तिनं आणि सुरेखानं दोन्हीकडून धरली, आणि तिघंही बोलत बोलत रस्त्याकडं निघाली.