दिव्यश्रीला हवं होतं माझं रक्त

माझी धाकटी बहीण दिव्यश्री हृदयाची डॉक्टर. मला तिचा हेवा वाटायचा. लपवू कशाला, अजूनही वाटतो. पीयूसीला, म्हणजे बारावीला, मार्क मलाही चांगले पडले होते. पण आमच्यात मामाला भाची देतात, म्हणून अठराव्या वर्षी मी विश्वासमामांची बायको होऊन बेंगळूरूच्या के. आर. पुरमला आले. तिचीही धाकट्या मामांशी सोयरीक ठरत होती, तर बाई तोंडावर नाही म्हणाली! वर लंडनला शिकून त्र्याण्णव साली बेंगळूरूला परतली आणि स्वतःची प्रयोगशाळा थाटून बसली. मी आपली सांबार ढवळतेय.

आमच्या माहेरचे पुरुष तरणेताठे जातात. आमचे आप्पा तर भरल्या ताटावरून गेले. लोक म्हणाले, दृष्ट लागली. दिव्यश्री म्हणायची, हा हृदयाचा दोष रक्तातून पुढं जातो, तोच मी शोधतेय. रक्त मागत ती स्कूटरवरून भाऊबंदांची दारं ठोठावायची आणि हात हलवत परत यायची. घराण्यात दोष निघाला, तर पोरींना करून कोण घेणार?

"अक्का, तू थोरली. तू दिलंस तर सगळे देतील," ती म्हणाली.

"आणि माझ्या रक्तावर नाव तुझं होणार? भले!" मी तिला वाटेला लावलं.

मग आमचा गिरीराज, सोळा वर्षांचा, कबड्डी खेळताना धाडकन कोसळला. स्वल्प वेळानं शुद्धीवर आला, पण माझं धाबं दणाणलं. मीच तिच्या दारात गेले. तिनं एका शब्दानं टोमणा मारला नाही. त्याचाही मला राग आला. तिनं आम्हा मायलेकांचं रक्त घेतलं, तेव्हा भाऊबंदही तयार झाले.

काही महिन्यांनी ती घरी आली. "अक्का, आप्पांचा दोष गिरीराजमध्ये नाही. तुझ्यातही नाही. पोरगा उपाशीपोटी उन्हात खेळला, एवढंच."

मला रडूच कोसळलं. डोळे पुसता पुसता मनात आलं, आप्पा जाऊन वीस वर्षं झाली, त्यांचं रक्त हिला कुठलं मिळालं?

"आमचं रक्त ताडून कशाशी पाहिलंस गं?"

"माझ्याशी. आप्पांचा दोष माझ्यात आहे."

"मेले, मग आधी का नाही बोललीस?"

"तू कीव करून दिलं असतंस. तसलं मला नको होतं."

बघा, इथंही हीच वरचढ! तिच्या पाठीत धपाटा घालायला मी हात उचलला, आणि घाबरून तसाच खाली घेतला.